दाराजवळची खुर्ची

मी एक खुर्ची. उदगीरच्या मोंढ्याजवळ, धान्यबाजाराला लागून, अंजूताईंचं छोटंसं ऑफिस आहे. पैशाबद्दल सल्ला घ्यायला येणाऱ्यांना मी बसवते.

आधी मी एका मातीच्या माळवदाच्या घराची तुळई होते. त्र्याण्णवच्या भूकंपात ते घर कोसळलं. ढिगाऱ्यातल्या लाकडाला कुणी हात लावेना. मकसूद मिस्त्रींनी मला आणलं आणि रंधा मारता मारता म्हणाले, "माणसांवर पडलीस. आता माणसांना बसव."

तेव्हापासून बसण्यावरून मला माणूस कळतो.

अंजूताई बंगळुरूहून मेंदूचं मानसशास्त्र शिकून आल्या. पैशाचे निर्णय माणूस हिशेबानं कमी आणि भीतीनं जास्त घेतो, हे त्या तळमळीनं सांगतात.

आज धान्याचे व्यापारी ईश्वरप्पा आले, सोबत नववीतली शिवगंगा. दहावीनंतर तिला लातूरला शिकवणीला जायचंय, डॉक्टर व्हायचंय. पण ईश्वरप्पांची सगळी कमाई घरातल्या पेटीत, आणि पेटीतलं काही ना काही कारणानं संपतंच. असंच चाललं तर तिचं लातूर राहूनच जाणार.

ताईंनी वाढत्या फीचा तक्ता उघडला. ईश्वरप्पा माझ्या अगदी काठावर सरकले. टाचा उचललेल्या, नजर दाराकडे.

"अप्पा, ऐकताय ना?"

"ऐकायलो की. पर पैसा हाताशी पाहिजे. भूकंपात भावाला बाहेर काढलं, दवाखान्यात न्यायचं होतं. पैसा पोस्टात अन् पोस्ट ढिगाऱ्यात."

मग शिवगंगा हळूच म्हणाली, "ताई, अप्पा घरीबी दाराजवळच झोपतात. आई त्यांना वॉचमन म्हणते."

ताईंनी तक्ता मिटला. अप्पांना उठवून मला उंबऱ्याशी नेऊन ठेवलं आणि स्वतः शेजारी स्टूल घेतलं. "बसा इथं. अप्पा, पेटीतलं पेटीतच राहू द्या. ते दाराजवळचे पैसे. त्यांना कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा ते काढायला सांगणार नाही. यापुढची कमाई मात्र दर महिन्याला थोडी थोडी लातूरसाठी."

"पेटी सोडायची न्हाई?"

"अजिबात नाही."

ईश्वरप्पांच्या टाचा जमिनीला टेकल्या. "मग हे आधी सांगायचं की, पोरी! उगं रेघोट्या दाखवीत बसलीस."

"चुकलंच," ताई हसल्या. "भ्यालेल्या मेंदूला पुढचं दिसत नाही, हे शिकले होते. आणि मीच आणखी भीती दाखवत होते."

"शिकून आलीस, आता शानी बी झालीस," म्हणत त्यांनी महिन्याच्या बचतीच्या कागदावर सही केली. शिवगंगानं बापाचा हात गच्च धरला, मग उड्या मारत झेरॉक्सला पळाली.

ताई कागद लावतायत. बाहेर हमालांचा गलका आहे, आणि एवढ्या गलक्यात, भर दुपारी, ईश्वरप्पांचा डोळा लागलाय. मान माझ्या पाठीवर, तोंड अर्धवट उघडं.

तुम्हीही सल्ल्याला आला असाल तर या. फक्त चपला जरा हळू काढा.