गड्ड्यावरची ती कुस्ती

"आता मी जे सांगणार हाय, त्यावर तुमच्यातल्या एकाचाबी इश्वास बसायचा न्हाय. बसलाच, तर त्यो तुमचा भोळेपणा, माझा त्यात काय दोष न्हाय!"

धोंडीरामनं माइक तोंडाशी ओढून हे म्हटलं मात्र, आणि सोलापूरच्या भवानी पेठेतल्या जोतीराम वस्तादांच्या तालमीपुढं जमलेली माणसं सतरंजीवर खुशीत पुढं सरकली. इतका वेळ ती कशीबशी बसून होती. अध्यक्ष आबासाहेबांचं भाषण नुकतंच संपलं होतं आणि त्यात 'क्रीडाक्षेत्र' हा शब्द इतक्यांदा येऊन गेला होता की पुढच्या रांगेतल्या जुन्या पैलवानांपैकी दोघं बसल्या जागी पेंगायला लागले होते. धोंडीराम बोलायला उठला तसे तेही जागे झाले. म्हाताऱ्याच्या तोंडून खरं असं फारसं काही निघत नाही, हे पेठेला ठाऊक होतं. पण ते ऐकायला पेठ कधी चुकली नव्हती.

दुष्काळ सरून दोन पावसाळे होऊन गेले होते आणि तालमीनं पहिल्यांदाच आपल्या जुन्या खेळगड्यांचा सत्कार ठेवला होता. मांडवाखाली तीन खुर्च्या होत्या. पहिलीवर ईश्वरप्पा, गिरणीच्या हुतूतू संघाचा एकेकाळचा गडी. दुसरीवर मंद्रूपचा बिरप्पा. तिसरी बाळासोची. बाळासो वेळापूरचा. तो जाऊन दोन वर्षं झाली होती, म्हणून त्याची बायको मायाक्का सकाळच्या एस्टीनं येऊन त्या खुर्चीवर बसली होती, मांडीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो उभा धरून. तिन्ही खुर्च्यांना फेटे बांधून झाले होते. बाळासोचा फेटा फोटोच्या चौकटीवरच अलगद ठेवला होता. प्रत्येकाच्या कारकिर्दीवर बोलायचं काम धोंडीरामकडं आलं होतं, कारण तिघांबरोबर खेळलेला आणि अजून दम न लागता बोलू शकणारा तेवढा एकच उरला होता.

त्यानं ईश्वरप्पापासून सुरुवात केली.

"ह्यो ईश्वरप्पा. बार्शीच्या सामन्यात ह्यानं 'हुतूतू' म्हणून जी एंट्री मारली, तवा गिरणीचा भोंगा सुरू झाला. भोंगा वाजला, वाजला, दमला, बंद पडला. ईश्वरप्पाचा दम चालूच! समोरचे गडी कट्टाळून आपणहून बाद झाले."

"बार्शीत कुटली आपली गिरणी रं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"म्हंजे भोंगा सोलापुरातनं तितवर ऐकू गेला की! त्या काळी भोंगेबी दमाचे हुते."

हशा पिकला. बायकांच्या बाजूनं ईश्वरप्पाची बायको चंद्रव्वा पदर सावरत म्हणाली, "व्हय, लई दम! घरात दोन पायऱ्या चढले की खाली बसत्यात. त्यो दम कुटं ठेवलाय ते जरा इचारा भावजी त्यास्नी!"

ईश्वरप्पाही तोंडाला उपरणं लावून हसला. मायाक्कासुद्धा हसली. सगळं धोंडीरामच्या मनासारखं चाललं होतं. लोक तापले होते, त्याचा शब्द झेलत होते. आणि आज त्याला ते तसेच हवे होते, कारण खरं बोलायचं होतं ते पुढच्या खुर्चीबद्दल.

बिरप्पाबद्दल.

मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातलं हे पोर कोवळ्या वयात तालमीत आलं, तेव्हापासून धोंडीराम आणि तो एकाच मातीत लोळले होते. मंगळवेढा, अक्कलकोट, पार विजापूरपर्यंत बिरप्पानं मैदानं मारली. त्याचा पट असा की समोरच्याला पाय गेल्याचं खाली पडल्यावर कळायचं. पण पेठेला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. पेठेला आठवत होती ती एकच कुस्ती, सिद्धेश्वरची यात्रा भरते त्या गड्ड्यावरची. त्या कुस्तीत बाळासोनं बिरप्पाला ढाक मारून सगळ्या सोलापूरदेखत चितपट केलं होतं. तेव्हापासून पेठेत पतंग कटून खाली आला की 'बिरप्पा झाला.' कपातला चहा सांडला की 'बिरप्पा झाला.' बोलणाऱ्या पोरांना तर बिरप्पा नावाचा खराच कुणी माणूस आहे हेही ठाऊक नव्हतं. एकदा हॉटेलात कुणाच्या हातून बशी फुटली आणि सगळे एका सुरात ओरडले, तेव्हा बिरप्पा कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता. तो त्यांच्याबरोबर हसला होता. ते हसणं धोंडीराम विसरला नव्हता.

आता बिरप्पाची छाती गेली होती. दोघांनी धरून त्याला मांडवात आणलं होतं. पुढच्या सत्काराला तो असणार नाही, हे धोंडीरामला दिसत होतं. तेव्हा जे काय धुऊन काढायचं, ते आज, याच माणसांसमोर, त्याच्या कानांनी त्याला ऐकू येत होतं तोवर.

"बिरप्पा," त्यानं आवाज खाली आणला. "समद्यांना एक कुस्ती ठावं हाय. पण तिच्या सकाळी काय झालं ते कुणाला ठावं हाय?"

लोकांनी माना पुढं काढल्या.

"त्या सकाळी मी ह्याला उठवाया गेलो तर अंग ह्ये असं फणफणलेलं. घोंगडीला हात लावला तर हात भाजला. उशाला पाण्याचा तांब्या हुता, त्यातनं वाफा निघत हुत्या!"

हशा झाला, पण या वेळी हलका. धोंडीरामनं तो हातानंच थांबवला.

"हसू नगासा. वाफंचं सोडा. ताप मातूर खरा. मी म्हनलं, बिरप्पा, आज न्हाय उतरायचं. तर म्हणतोय कसा, 'जोड सांगून झालीया, गाव जमलाय, मी न्हाय गेलो तर तालमीचं नाव जाईल.' तसाच गेला. डोळ्यांफुडं अंधारी, पायात जीव न्हाय. आन् तशा गड्याला पाडला, तर त्यो पाडला म्हणायचा का, तुमीच सांगा!"

टाळ्या पडल्या. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. "हां, आसं हाय व्हय!" असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आणि धोंडीरामच्या अंगावर काटा आला. लोकांना पटलं होतं. आयुष्यभर थापा मारल्या, त्यातली एकही कुणी खरी मानली नव्हती, ही मानली. त्यानं बिरप्पाकडं पाहिलं. बिरप्पा मान खाली घालून बसला होता. भरून आलं असेल, असं धोंडीरामनं मनाशी म्हटलं.

मग त्याची नजर तिसऱ्या खुर्चीवर गेली.

मायाक्कानं फोटो फिरवून स्वतःकडं केला होता. लोकांना आता फक्त चौकटीची पाठ दिसत होती, तिच्यावरचा खिळा आणि सुतळी. ती रडत नव्हती. फोटोवरून घसरणारा फेटा एका हातानं दाबून धरून ती समोर बघत बसली होती. बाळासोनं पुढं फार मैदानं मारली नव्हती. गुडघा गेला, मग तो शेतात राबला. वेळापुरात त्याला लोक रामराम घालत ते त्या एका कुस्तीपायी. तिच्या घरी तेवढंच होतं.

हे धोंडीरामला कळत नव्हतं असं नाही. बाळासोही त्याच मातीतला, धोंडीरामच्याच हाताची मालीश घेतलेला. इथंच थांबावं, पुढं बाळासोबद्दल चांगले चार शब्द बोलावेत आणि बसावं, असं त्याच्या मनात येऊनही गेलं. पण समोर टाळ्या चालू होत्या आणि त्याची जीभ टाळ्यांपुढं कधी थांबली नव्हती.

"आन् वस्तादांना ठावं हुतं बरं का!" तो म्हणाला. "जोतीराम वस्तादांनी सोताच्या हातानं ताप बघितला, आन् म्हनले, जा लेकरा, उतर."

टाळ्या मागं चालू राहिल्या. पुढच्या रांगेत थांबल्या.

पुढच्या रांगेत जुने पैलवान होते. तालमीचा रिवाज त्यांना सांगावा लागत नव्हता. आखाड्यात पाय टाकण्याआधी वस्ताद प्रत्येकाच्या मानेला मागून पालथा हात लावायचे, आणि जरा कणकण लागली तर कितीही मोठ्या घरचं पोर असो, त्याला बाहेर बसवायचे. माती सगळ्यांची, दुखणाइताचा घाम तिच्यात नको, असं त्यांचं म्हणणं. गड्ड्यावर जातानाही हात लागल्याशिवाय कुणी लंगोट कसत नसे. त्या माणसानं तापलेल्या पोराला मैदानात ढकललं, हे त्याच्याच तालमीच्या दारात, तिथं लावलेल्या त्याच्या तसबिरीखाली उभं राहून धोंडीराम सांगत होता.

पैलवान एकमेकांकडं बघू लागले. आबासाहेबांनी घसा खाकरला. धोंडीरामला आपलं काय झालं ते उमगलं आणि तो हसून ते वाक्य फिरवायला गेला, "म्हंजे तसं न्हवं..." पण हसू आलं नाही.

मधली खुर्ची करकरली.

बिरप्पा उठत होता. धरायला आलेल्या दोघांना त्यानं हातानं बाजूला केलं. खुर्चीची पाठ पकडून तो उभा राहिला आणि श्वास जागेवर येईपर्यंत तसाच थांबला. माइक लांब होता, तो कुणी सरकवला नाही. तो लोकांकडं वळला नाही. मायाक्काच्या खुर्चीकडं तोंड करून तो बोलला.

"धोंड्या खोटं बोलतुया, वैनी. ताप न्हवता मला. वस्तादांनी मानंला हात लावला आन् म्हनले, थंडगार हाय, जा. त्या दिशी मी जेवढा तयार हुतो, तेवढा त्याच्या आदी न्हवतो आन् मागनंबी कवा न्हवतो. आन् तशा मला बाळासोनं पाडलं."