मागच्या कपाटातली बरणी

वैद्यकीय कॉलेजच्या शरीररचना विभागात मी एकतीस वर्षं बरण्या सांभाळल्या. पोरं मला बरणीमामा म्हणायची. मृतदेहातलं यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड अलगद सोडवायचं, पित्ताच्या नळ्यांत हिरवा रंग भरायचा आणि काचेच्या बरणीत टांगायचं, हे माझं काम. हात चांगला होता माझा. मीच सांगतो, दुसरं कोण सांगणार?

पुस्तकात सगळं सरळ असतं. यकृतातून दोन नळ्या निघतात, त्यांची एक होते, तिला पित्ताशयाची नळी येऊन मिळते, खाली स्वादुपिंडाची नळी भेटते आणि दोघी आतड्यात उघडतात. पण माणसं काही पुस्तक वाचून जन्माला येत नाहीत. मधूनच एखाद्याची नळी भलतीकडून यायची आणि माझं डोकं फिरायचं. परीक्षेत अशी बरणी आली की पोरं गडबडायची आणि परीक्षक माझ्यावर डाफरायचे. म्हणून असल्या बरण्या मी मागच्या कपाटात कोंबायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढे मांडायचो त्या सगळ्या पुस्तकासारख्या देखण्या.

गेल्या वर्षी ताईच्या पित्ताशयात खडे निघाले. मीच तिला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे नेलं.

"माझ्या बरण्यांवर शिकलाय तो. डोळे झाकून जा," मी छातीठोकपणे सांगितलं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तिचं पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. पित्त पोटात पसरलं होतं. पाच आठवडे आणि दुसरं ऑपरेशन. आता दर दोन-तीन महिन्यांनी हुडहुडी भरून ताप येतो आणि तिला पुन्हा भरती करावं लागतं.

तो डॉक्टर स्वतः माझ्याकडे आला होता, हे मान्य करायला हवं. खाली मान घालून म्हणाला, "मामा, पित्ताशयाची समजून मी यकृताची नळी कापली. फारच खाली येऊन मिळत होती. अशी नळी मी कधी पाहिलीच नव्हती."

मी त्याला चांगला फैलावर घेणार होतो. पण तेवढ्यात आठवलं. तशी नळी माझ्या कपाटात होती. "होतं असं," एवढंच म्हणालो आणि मोठ्या मनाने माफ केल्यासारखी त्याची पाठ थोपटली. त्या थोपटण्याची मला आजही लाज वाटते.

काल ताईच म्हणाली, "माझ्या पोटात काय वेगळं होतं, ते दाखव तरी एकदा."

मी तिला कॉलेजात नेलं, मागचं कपाट उघडलं, धूळ पुसून बरणी टेबलावर ठेवली. पोटावर हात धरून ती वाकली. हिरवी नळी बघितली, मग चिठ्ठीवरची माझ्या अक्षरातली तारीख.

"तेव्हा तो इथेच शिकत होता ना रे?"

"पहिल्या वर्षाला."

"आणि ही कपाटात?"

मी मान हलवली. ती रडेल, निदान शिव्या तरी देईल असं वाटलं होतं. ती स्टुलावर बसली.

"तो पोरगा वर्षभर माझ्यासमोर मान वर करत नाही. तपासतानासुद्धा. त्याला सांगितलंस हे?"

"नाही."

"मग फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर."

नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"बोला मामा," तो म्हणाला. "ताई बऱ्या आहेत ना?"

ताईने बरणी माझ्या पुढ्यात सरकवली.