डावं मागचं चाक

रविवारी शर्यत झाली की सोमवारी सकाळी आम्ही टायरच्या दुकानात जमतो. आम्ही म्हणजे तिघं. एक गणिताचे सर, दुसरा बस चालवणारा, ज्याला सगळे डेपो म्हणतात, आणि तिसरा मी. ठोकलेल्या गाड्या विम्यासाठी तपासणं हा माझा धंदा. चूक कुणाची आणि किती टक्के, हे ठरवून मी पोट भरतो. त्यामुळे माझं मत सगळ्यात शेवटी विचारतात आणि कुणीही मानत नाही.

दुकानाच्या दाराशी ट्रकचा एक जुना टायर उभा आहे. त्यावर सर पिवळ्या खडूने दहापैकी मार्क लिहितात. ड्रायव्हरला किती, डावपेचाला किती, चाकं बदलणाऱ्यांना किती. लिहिलेला मार्क पुढच्या शर्यतीपर्यंत पुसायचा नाही, हा सरांचा नियम. दुकानाचे मालक, आमचे काका, कधीच मार्क देत नाहीत. त्यांचा धाकटा आमच्या लाडक्या टीममध्ये टायर उचलून द्यायच्या कामावर आहे. घरच्या माणसाने पंच होऊ नये, असं काका म्हणतात.

या सोमवारी माझ्या गाडीचे चारही टायर बदलायचे होते. नेहमीप्रमाणे काका चाकापाशी आणि काकू जॅकपाशी.

आदल्या दिवशी हातातोंडाशी आलेला घास गेला होता. सात फेऱ्या उरलेल्या, आमचा ड्रायव्हर पहिला. टीमने त्याला टायर बदलायला आत बोलावलं. शर्यतीच्या गाडीत चाकाला एकच नट असतो. चार चाकांवर चार माणसं; आपला नट आवळला की ज्याने त्याने हात वर करायचा. चौघांचे हात वर झाले, हिरवा दिवा लागला, गाडी सुटली, आणि पहिल्याच वळणावर डावं मागचं चाक निखळून तिच्या पुढे गेलं.

"बोलावलंच कशाला?" डेपो म्हणाला. "त्या टायरवर तो आरामात पोचला असता. मी टक्कल पडलेल्या टायरवर वर्ष काढलंय."

"म्हणूनच मी तुझ्या बसमध्ये बसत नाही," सर म्हणाले. "मागून येणारा फेरीला साडेतीन सेकंद खात होता. सात फेऱ्यांत साडेचोवीस. अंतर होतं बावीस. न थांबता हरलाच असता. थांबायला लागतात वीस, म्हणजे दोन सेकंद पुढेच बाहेर पडला असता. डावपेचाला आठ."

"मग ड्रायव्हरला नऊ. दिवा हिरवा झाला, तो निघाला. खाली उतरून नट तपासायचा होता का त्याने?"

यावर दोघांचं एकमत झालं. तसं वर्षातून एकदा होतं.

"आणि डाव्या मागच्या चाकाला?" सरांनी विचारलं.

"शून्य," डेपो म्हणाला. "असल्या माठाच्या हातात सायकलचं चाकही देऊ नये. आजच्या आज हाकलला पाहिजे."

सरांनी टायरवर भलंमोठं शून्य काढलं. मला विचारलं तेव्हा मीही आढेवेढे घेतले नाहीत. नव्वद टक्के माणूस, दहा टक्के नट आवळायची गन, असं सांगून मोकळा झालो. काका पुढचं चाक बसवत होते.

डेपोने फोनवर ती चित्रफीत हळू वेगात लावली. चौघांचीही तोंडं हेल्मेटमध्ये झाकलेली. डाव्या मागच्या चाकावरचा माणूस गन लावतो, नट बसतो, आणि पूर्ण आवळायच्या आत त्याचा हात वर जातो. चार बोटं ताठ, अंगठा आत दुमडलेला.

त्याच वेळी काकांनी माझ्या गाडीच्या पुढच्या चाकावरून हात वर केला. चार बोटं ताठ, अंगठा आत. काकांचा अंगठा बरीच वर्षं झाली, रिमखाली चिरडला होता. तो उघडत नाही. काकूंनी हात पाहून जॅक उतरवला. मग चाक जमिनीला टेकल्यावर काकांनी लांब पाना घेऊन नट करकचून आवळले.

दुकानाची पद्धतच ती. चाक हवेत असताना जोर लावला तर चाकच फिरतं, म्हणून आधी नट नुसते बसवायचे, मग गाडी उतरवायची, मग आवळायचं. कंप्रेसरच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून हात. धाकटा लहानपणापासून हेच बघत आला. त्याचा अंगठा धडधाकट आहे, तरी तो दुमडूनच हात वर करतो.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"शनिवारी त्याचा फोन आला होता," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदाच गन हातात दिली म्हणाला. नजर लागू नये म्हणून आम्ही कुणाला बोललो नाही."

डेपोने फोन खिशात घातला. मला स्वतःची लाज वाटली, नव्वद टक्के नाही, पुरती शंभर. सर ओला बोळा घेऊन टायरकडे निघाले.

"राहू दे," काका म्हणाले. "दिलेला मार्क पुसायचा नाही. नियम तुमचाच."

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. धाकट्याचा होता. काकांचे हात काळे, म्हणून काकूंनी तो स्पीकरवर लावून पुढे धरला.

"बाबा, अकराला बैठक आहे. गनला हवेचा दाब कमी पडला म्हणतायत. गनची देखभाल करणाऱ्याला काढतील. मी गप्प राहिलो तर माझ्यावर काही येत नाही. बोललो तर बहुतेक घरीच. काय करू?"

"गन नीट चालत होती?"

"हो."

"मग?"

"नट बसला आणि हात आपोआप वर गेला. इथे गाडी उतरवून परत आवळत नाहीत, माहीत होतं हो मला."

काकांनी हातातला पाना खाली ठेवला.

"सवय माझी आहे," ते म्हणाले. "पण हात तुझा होता. जाऊन सांग."

"हाकलतील, बाबा."

"हाकलू देत. त्या माणसाने काय केलंय?"

पलीकडून "बरं" असं आलं आणि फोन बंद झाला.

नंतर कुणी शर्यतीचा विषय काढला नाही. सर शाळेत गेले नाहीत, डेपोने पाळी बदलून घेतली. काकांनी दोन चाकं केली, इतक्या सावकाश की त्यात अर्धी शर्यत झाली असती. बाराच्या सुमारास फोनवर संदेश आला. काकूंनी मोठ्याने वाचला. "सांगितलं. गन काढून घेतली. टायर उचलायचं काम ठेवलंय."

"म्हणजे घरी नाही पाठवत?" त्यांनी विचारलं.

"नाही," काका म्हणाले.

शेवटचं चाक राहिलं होतं, डावं मागचं. काकांनी नट बसवले. काकू जॅकचा दांडा धरून त्यांच्या हाताची वाट बघत राहिल्या. काका उठले, कोपऱ्यात गेले आणि कंप्रेसर बंद केला. दुकानात एकदम शांत झालं.

"अहो, हात?" काकू म्हणाल्या.

"उतरव," काका तोंडाने म्हणाले.