न गंजणाऱ्या ताटावरचं रक्त

साखऱ्याजवळच्या तांड्यावर सकाळपासून माणसं लोटली होती. धुरपताबाईच्या ओट्यावरच्या स्टीलच्या ताटाला आजही तांबडे थेंब फुटले होते.

ते ताट तिच्या एकुलत्या लेकानं, फुलसिंगनं, लढाईवर जाताना पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी होती, ‘माय, हे कधीच गंजत न्हाई.’ महिन्याभरात तो ब्रह्मदेशात कामी आल्याची तार आली.

सेवा भगत ताटापुढं घुमत होता. “न गंजनाऱ्या ताटाला रगत कुठून आलं? फुलसिंगचा जीव रडून राहिला! बायकोच्या पायगुनानं गेला त्यो. ती घरात हाय तवर रगत थांबायचं न्हाई!”

रोज सांजेला भगत मंतरलेल्या राखेनं ताट घासायचा, वर खारट तीर्थ शिंपडायचा. सकाळी थेंब तयार, आणि भगताच्या दारात नवा बोकड.

धुरपताबाईनं गरोदर सुनेला भर उन्हात माहेरी हाकललं.

“म्या काय केलं वं, माय?” जिवनबाईनं वळून विचारलं.

धुरपताबाई ताट छातीशी धरून उभी राहिली.

तरी थेंब थांबले नाहीत; भगत म्हणायचा, ‘तिची सावली अजून घरातच हाय.’ आठवड्यानं हट्टा गावचा हरिचंद भेटायला आला. फुलसिंगच्याच पलटणीत तो मोटारी दुरुस्त करायचा. ताट निरखून त्यानं विचारलं, “भगतबुवा, ही राख कोन्या चुलीतली?”

“धुनीतली! हात लावू नको, भसम होशील!”

हरिचंदनं खिशातला चुंबक राखेवरून फिरवला. त्याला काळा कीस काट्यांसारखा चिकटला.

“लोहाराच्या कानशीखालचा लोखंडाचा कीस हाय हा. घासला की ताटात रुततो. मिठाच्या पान्यानं गंजतो त्यो, ताट न्हाई.”

त्यानं लिंबू चोळून मऊ फडक्यानं डाग काढले, ताट धुऊन कोरडं पुसलं. दुसऱ्या सकाळी ताट लख्ख होतं आणि भगत पसार झाला होता. माणसं हसली. धुरपताबाईला मात्र हुंदका आवरेना.

“हे रगत न्हाई, तर माहं लेकरू कुठं हाय रे?”

“माय, म्याच त्याला माती दिली,” हरिचंद हळू म्हणाला.

ती तशीच सुनेच्या माहेरी चालत गेली. जिवनबाई उंबऱ्यात बसली होती. हाकललं त्याच दिवशी वाटेत उन्हानं तिचा गर्भ पडला होता.

“पोरगं होतं,” तिची आई म्हणाली.

धुरपताबाईनं सुनेचे पाय धरले. जिवनबाईनं ते सोडवून घेतले. ती परत आली नाही.

तांड्यावर येऊन धुरपताबाईनं सगळ्यांना बोलावलं. “राख कुठली, एवढं ईचारलं असतं तर माहा नातू जगला असता,” ती म्हणाली. “कोनी चमत्कार दावला तर हात जोडू नका. आधी ईचारा, हे झालं कसं?”