शेवंतीचा लगाम

"तोंड तुमच्या घोडीचं हाय नाना, पण मान माझी मोडंल!"

गेणू ओसरीवर बसून ओरडत होता. त्याचा उजवा खांदा हळदीनं पिवळा झाला होता. समोर सयाजीनाना शेवंतीच्या तोंडात ज्वारीची काडी आडवी धरून माप घेत होते. शेवंतीला ती काडी खायची होती. तीन काड्या तिनं खाऊन टाकल्या होत्या, त्यामुळे माप काही निघत नव्हतं.

"लगामाची कडी गालाच्या भाईर जराशी राहिली पायजे," नाना शांतपणे म्हणाले. "लई घट्ट झाली तर गाल सोलतो, लई ढिली झाली तर दातावर वाजती."

"वाजू द्या न्हाईतर गाऊ द्या! ती थांबत न्हाई, त्याचं बोला. काल मी लगाम वढतोय, वढतोय, तिला वाटतंय मी लाडानं खाजवतोय. डायरेक निवडुंगात! घरी अंगावर पिणारं लेकरू हाय माझं."

गेणू नानांचा पुतण्या. गेल्या महिन्यात घोडीवर बसायचं त्यानं हौसेनं कबूल केलं होतं. हौस निवडुंगातच राहिली.

आमच्या निरगुडसरच्या बाजूला बैलगाडा पळतो तो असा: गाड्याला चार बैल, वर माणूस नाही, आणि पुढं घोडी. घोडी उधळली की बैल तिच्या मागं घाट, म्हणजे शर्यतीसाठी केलेली चढाची वाट, चढून जातात. वरची पट्टी ओलांडली की बैल धरायला माणसं असतात. घोडीनं मात्र पुढच्या मोकळ्या रानात जाऊन आपली आपण थांबायचं. रान संपलं की यात्रा लागते: पाळणे, रसवंत्या, बांगड्यांची दुकानं. न थांबणारी घोडी म्हणजे यात्रेला आलेलं संकट.

शेवंती थांबायची. कारण तिच्यावर नूतन बसायची.

नूतन ही नानांची एकुलती एक लेक. आई नसलेली. कॉलेजात असल्यापासून घाटात घोडी काढायची. आंबेगाव-जुन्नरमधल्या किती गावांनी तिचा सत्कार केला, नारळ दिले, फोटो काढले, 'आमच्या लेकींनी हिचा आदर्श घ्यावा' अशी भाषणं ठोकली. पुढं लग्नाचं बघायला लागल्यावर त्यातल्या एकाही गावानं मागणी घातली नाही. शेवटी खोडदचं स्थळ आलं. एकच अट होती, पोरगी पुन्हा घोडीवर दिसता कामा नये. नानांनी मान डोलावली. खोडदला त्या मोठमोठ्या तबकड्या आहेत, आभाळातल्या ताऱ्यांचं बारीकसारीक ऐकणाऱ्या. अशा ऐकणाऱ्यांच्या गावात पोर दिली म्हणून आम्हीही नानांचं अभिनंदन केलं होतं.

"तिला फोन लावा," गेणू म्हणाला. "कोणता लगाम लावत व्हती, इचारा."

फोन लागला. नूतन हळू आवाजात बापाला म्हणाली, "आबा, मी लगाम वढतच नव्हते. साधी गोल कडी नुसती तोंडात असायची. थांबवायची ती हाकेनं."

"कसली हाक?"

"अशीच. शेवंते, हूऽऽ."

"मग ती हाक आत्ता मार की. मी फोन तिच्या कानाला लावतो."

नानांनी खरोखरच स्पीकर सुरू करून फोन घोडीच्या कानाला धरला. पलीकडून खसखस झाली, दार लोटल्याचा आवाज आला आणि मग नूतन कुजबुजली, "शेवंते, हू." घोडीनं कान हलवला, माशी हाकलावी तसा.

"मोठ्यानं मार की गं."

"मोठ्यानं न्हाई जमत आबा हितं. सासूबाई भाईर बसल्यात." मग ती म्हणाली, "काटेरी लगाम नका लावू तिला. तिची जीभ लई नाजूक हाय. शब्द द्या."

"दिला," नाना म्हणाले.

तो त्यांनी मनापासून दिला होता. साधी कडी लावून बघितली, पिळाची लावून बघितली, कडीला फडकं गुंडाळून बघितलं. शेवंती प्रत्येक कडीखाली जीभ घालून निवांत पळत राहिली. दुसरी घोडी आणली, तर बैल तिच्या मागं निम्म्या घाटात उभे राहून चहूकडं बघायला लागले. ते वासरं असल्यापासून शेवंतीचीच शेपटी बघत मोठे झालेले. आणि यात्रेआधीच्या शेवटच्या सरावात गेणू पुन्हा पडला. या वेळी दगडावर. उठला तेव्हा त्याची बायको लेकराला कडेवर घेऊन समोर उभी होती. ती नानांकडं बघत राहिली.

नाना तसेच जुन्नरला गेले.

घोड्याचं सामान विकणारा दादाभाऊ म्हणाला, "ह्यो घ्या. आतनं काटं हायेत. ह्यो लावला की एष्टी बी जाग्यावर उभी ऱ्हाईल."

नानांनी कडीवरून बोट फिरवलं. बोटाला लागलं.

"जरा बोथट न्हाई का?"

"नाना, बोथट काटा कुणी इकत घेतं का?"

यात्रेचा दिवस, चैत्रातलं ऊन. घाटावर पाणी मारून मारून मुरूम दाबला होता, तरी फुफाटा उठतच होता. भोंग्यावर निवेदकाचा घसा केव्हाच बसला होता. बायकांच्या मांडवात नूतन सासूशेजारी बसलेली. सासू म्हणजे कुशाबाई. पाहुणीचा मान म्हणून त्यांना खुर्ची आणि नूतनला सतरंजी. मी शेजारच्याच बांबूला टेकून उभा होतो.

"आता निरगुडसरकर सयाजीनाना यांचा गाडा! झालीऽऽ! भिर्रर्र!"

शेवंती सुटली. नेहमी ती मान खाली घालून पळायची. आज मान वर होती, तोंड उघडं होतं, आणि तोंडातून फेस उडत होता. पहिल्यांदा मला वाटलं, भंडारा लागून तो लाल झालाय. भंडारा पिवळा असतो हे मला आठवायच्या आत नूतन उभी राहिली होती.

"सूनबाई, खाली बस. लोकं बघत्यात," कुशाबाई म्हणाल्या.

नूतन बसली नाही. गेणू दोन्ही हातांनी लगामाला लोंबकळत होता. त्यानं ओढलं की घोडी आणखी पिसाळून पळत होती. नूतननं तोंड उघडलं. आणि दुसऱ्या क्षणी पदराचा बोळा करून तो तोंडात कोंबला, वरून दोन्ही हात दाबून धरले. तिचे डोळे मला दिसत होते. मी दुसरीकडं बघायला लागलो.

पट्टी ओलांडली. टाळ्या, शिट्ट्या. माणसांनी बैल धरले. घोडी मात्र तशीच पुढं. मोकळं रान संपलं, पाळणे जवळ आले, बाया लेकरं उचलून पळायला लागल्या. गेणू ओरडत होता, "सरा! सरा!"

मांडवाचा दोर ओलांडून नूतन अनवाणी पळाली, आणि एवढ्या यात्रेत, भोंग्याच्या वर, तिचा आवाज गेला.

"शेवंते, हूऽऽ!"

रसवंतीच्या अलीकडं घोडी उभी राहिली. जमिनीत खुंटा ठोकावा तशी.

"बघा मंडळी!" भोंगा म्हणाला. "याला म्हनत्यात लगाम! पाव्हण्यांनो, डोळं उघडून बघा, कशी थांबली घोडी!" मी घोडीपाशी पोचलो, तर गर्दीतून चारपाच गाडामालक माझ्यापाशी आले. लगाम कुठून आणला, राव? मी सांगितलं, दादाभाऊकडून. पुढच्या आठवड्यात त्याच्याकडं तसला एकही लगाम शिल्लक राहिला नाही.

नूतननं लगाम काढला. शेवंतीची जीभ मधोमध फाटली होती. नूतन बाटलीतलं पाणी तळहातावर घेऊन तिचं तोंड धुवायला लागली. नाना धापा टाकत आले, बघितलं, आणि शेवंतीच्या पुढ्यात खाली बसले.

"मी शब्द दिला व्हता," ते म्हणाले.

भोंग्यावरून नानांना बक्षीस घ्यायला बोलवत होते. ते उठले नाहीत. शेवटी गेणू लंगडत गेला.

"पोरी, तुला निम्म्या घाटातच दिसलं असंल ना?"

"दिसलं."

"मग तवाच का न्हाई गं हाक मारली? तुझ्या हाकंला ती तिथंच उभी राहिली असती."

"म्हनूनच न्हाई मारली, आबा," नूतन म्हणाली. "मागं बैलं व्हती. तुडवलं असतं त्यांनी दोघांना."

रस्त्यावर खोडदची गाडी हॉर्न वाजवत होती. कुशाबाई आधीच आत बसल्या होत्या. नूतननं ओले हात लुगड्याला पुसले, चावून चावून फाटलेलं पदराचं टोक आत खोचलं, आणि जाता जाता नानांना सांगितलं, "चारसहा दिवस कोंडा भिजवून घाला. कडक कायबी देऊ नका."