हिरवी पट्टी

पडद्यासमोरच्या दोन खुर्च्यांपैकी एक तिने पाठीला धरून दाराबाहेर ओढली आणि बाहेरच्या भिंतीला लावून ठेवली.

"अहो बाई, ती कशाला नेताय?" तंत्रज्ञाने विचारलं. "साहेबांशेजारी कुणी बसणार नाही?"

"साहेबांचाच आदेश आहे. यंत्र हाच दुसरा डोळा, मग दुसरा माणूस पोसायचा कशाला? परिपत्रक वाचलं नाहीस का?"

लष्कराने एआय कुठे वापरायचं आणि कुठे नाही, याची नियमावली करणाऱ्या कार्यालयात ती मसुदे तपासायची. गुळगुळीत वाक्य दिसलं की छाटून टाकायची, म्हणून सगळे पाठीमागे तिला कात्री म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

एक कलम मात्र तिने छाटलं नव्हतं, घुसवलं होतं. हल्ल्याची यंत्रणा जो अधिकारी मंजूर करेल, त्याने आधी स्वतः ती चालवणाऱ्याच्या खुर्चीत बसून चाचणी द्यायची. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. ऐकायला छान होतं, आणि हे आपल्यावर शेकेल असं एकालाही वाटलं नव्हतं.

आज ते ब्रिगेडियर साहेबांवर आलं होतं.

तिचा धाकटा भाऊ साहेबांच्याच हाताखाली अशाच खुर्चीत बसायचा. यंत्रणा पडद्यावर लक्ष्य दाखवायची. शेजारी एक हिरवी पट्टी झरझर आटत जायची, आणि ती संपायच्या आत संमती नाहीतर नकार द्यायचा. नकार दिला तर कारण लिहा, वरून फोन घ्या, भित्रा म्हणवून घ्या. संमती दिली की कुणी काही विचारत नसे. एका दुपारी यंत्रणेने ट्रकवरच्या लांब नळकांड्यांना रॉकेट ठरवलं. धाकट्याने संमती दाबली. ते पाण्याचे पाईप होते. ट्रकजवळची तिन्ही माणसं गेली.

चौकशीत साहेब थंडपणे म्हणाले होते, "यंत्र फक्त सुचवतं. दाबतो माणूस."

पट्टी एवढी आखूड कुणी केली, शेजारची खुर्ची कुणी काढली, यावर अवाक्षर नाही. धाकट्याला 'निष्काळजी' असा शेरा मारून बडतर्फ केलं, आणि साहेबांना बढती. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर चोराला बक्षीस. त्या दिवसापासून कात्री दात धरून होती.

"काय हो, परीक्षा घेणार म्हणे आमची?" साहेब हसत आत आले आणि खुर्चीत धपकन बसले. "नापास झालो तर छडी खायची का?"

"छडी नाही साहेब. मंजुरीची सही तेवढी थांबेल. आणि इथलं सगळं बोलणं नोंदलं जातं."

"नोंदवा की. आम्ही काय चोऱ्या करतोय?"

पहिली चित्रं सोपी होती. उघड्या माळावरचा रणगाडा, रिकामा तंबू. साहेब रंगात आले, बोटांनी टेबलावर ठेका धरू लागले.

"अहो, हा तर पोरखेळ आहे!"

कात्रीने तंत्रज्ञाकडे पाहून मान हलवली.

पडद्यावर ट्रक आला. नळकांड्यांभोवती लाल चौकट उमटली, खाली 'रॉकेट' अशी अक्षरं आली, आणि पट्टी आटायला लागली. साहेबांचा ठेका थांबला. ते पुढे वाकले. मग त्यांनी मान डावीकडे वळवली.

"काय वाटतं रे तुला?"

डावीकडे नुसती फरशी होती. त्यांनी गर्रकन परत पडद्याकडे पाहिलं. पट्टी नखाएवढी उरली होती. त्यांनी संमती दाबली. पडदा पांढरा झाला.

"रॉकेटच होती ना ती?" साहेबांनी रुमाल काढला.

कात्रीने उत्तर दिलं नाही. ही शांतता तिने मनात कितीदा तरी घोळवली होती. आता ती सावकाश चघळायची होती.

"बाई, मी काहीतरी विचारतोय."

"पाईप होते. पाण्याचे."

"पण हे चाचणीसाठी बनवलेलं चित्र असेल ना?"

"खरंखुरं चित्रण आहे साहेब. तुमच्याच तुकडीचं. तीन माणसं मेली यात. चौकशीत तुम्हाला दाखवलं होतं, तुम्ही ओळखलं नाहीत."

साहेबांचा चेहरा आधी उतरला, मग तापला.

"हा सापळा आहे! एवढ्याशा वेळात, एकट्या माणसाने काय करायचं? कुणीही दाबलं असतं!"

"कुणीही?"

"कुणीही म्हणजे कुणीही! देव जरी इथे बसला असता तरी!"

"जरा सावकाश बोला साहेब. नोंद स्वच्छ यायला हवी."

साहेब थांबले. कोपऱ्यातल्या लाल दिव्याकडे त्यांनी पाहिलं, मग तिच्याकडे.

"कोण आहेस तू?"

"ज्याने दाबलं, त्याची थोरली बहीण."

"नोकरी खाईन तुझी."

"खुशाल खा. ही नोंद नाही पचायची."

संध्याकाळी ती जिना धावत चढली. धाकटा खिडकीपाशी कपड्यांना इस्त्री करत होता. तिने पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. साहेबांचं वाकणं, रुमाल, देवाला मध्ये ओढणं, सगळं नकला करून सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चढला.

"तुझा शेरा आता निघणार बघ. त्यांच्याच तोंडून वदवून घेतलंय. प्रकरण उघडल्याशिवाय सुटका नाही त्यांची."

धाकट्याने शर्टाची बाही सरळ केली.

"चित्रण कुठलं लावलंस, ताई?"

"तेच. दुसरं कुठलं लावणार?"

"त्यात त्या तिघांतला बुटका दिसतो का गं? ट्रकच्या मागे असतो बघ. हातातला पाना खाली ठेवतो, विजारीला हात पुसतो, आणि मग वर बघतो."

कात्रीने ते चित्रण इतक्यांदा पाहिलं होतं, की पट्टी कुठवर आली म्हणजे पडदा पांढरा होतो, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. पाना तिला आठवेना. माणूसही आठवेना. त्या पट्टीवरून तिची नजर कधी हललीच नव्हती.

"दिसतो की," ती म्हणाली.

"साहेबांना दिसला?"

"दिसला असणार."

"मग बरं," धाकटा म्हणाला, आणि त्याने दुसरी बाही इस्त्रीखाली घेतली.