निळा थर

चहा पिऊन सुनीती प्रयोगशाळेत परतली तेव्हा दिव्याच्या खोक्यातल्या फ्लास्कमधलं रंग घातलेलं निळं पाणी आरशासारखं नितळ झालं होतं. रोज व्हायचं तसंच. फक्त आज दिव्याचा प्लग बोर्डात लावलाच नव्हता. बंद खोक्यात मिट्ट काळोख आणि पाणी स्वच्छ!

चिकणमातीवर टायटॅनियम डायऑक्साइडचे बारीक कण बसवून तिने पावडर केली होती. दिव्याच्या उजेडात ही पावडर रंगाचे तुकडे करून तो संपवते, असा तिचा दावा. त्यावर पेपर छापून आला, पेढे वाटून झाले. अंधारातली चाचणी पहिल्याच दिवशी करायची असते. ती तिने केली नव्हती. निकाल छान येत असताना कोण कशाला खाजवून खरूज काढतं?

तिने तळाची पावडर गाळली. गर्द निळी. रंग कुठं संपला होता? माती तो नुसती पीत होती.

आणि मग तिला कचरूमामा आठवले. भांडी धुणारे, वारज्याच्या वस्तीतून येणारे. फ्लास्कला निळा थर राहतो म्हणून तिनेच तक्रार दिली होती. वर असंही लिहिलं होतं, 'यांना स्वच्छतेची सवय नाही.' हे वाक्य कुणाबद्दल लिहिलं जातं ते तिला ठाऊक होतं. मामांनाही. त्यांना मेमो मिळाला होता.

त्याच तक्रारीच्या कागदावर खाली ती मागे घेत असल्याचं लिहून सुनीती मोरीपाशी गेली. मामा ब्रश घासत होते. हात पुसून त्यांनी कागद वाचला.

"'गैरसमज झाला.' कसला वो, मॅडम?"

"म्हणजे... तो थर तुमच्यामुळं नव्हता."

"ते मला पहिल्या दिवसापासनं म्हाइतीय. ॲसिडनं घासलाय मी. तुमच्या पावडरीतनंच येतोय म्हणून सांगितलं, तर तुम्ही काय म्हणालात?"

'मामा, तुम्ही भांडी धुवा, केमिस्ट्री आमच्यावर सोडा,' असं ती म्हणाली होती. प्रयोगशाळेतले सगळे हसले होते.

"घाण माझी म्हणून लिवताना चांगल्या चार ओळी लिवल्या. आता दोनच शब्द?" त्यांनी कागद परत दिला. "थर कशाचा ते लिवा की."

ते लिहिलं की पेपर गेला, पीएचडी लांबली, मार्गदर्शक सरांपुढं तोंड काळं झालं. मामा पुन्हा फ्लास्क घासायला लागले होते. तिच्याच सकाळच्या प्रयोगाचा.

सुनीतीने ओट्यावर कागद ठेवला आणि 'गैरसमज' खोडला. तिने लिहिलं, 'थर माझ्या पावडरीचा आहे. माझा प्रयोग चुकला आहे.'

मामांनी वाचलं. "आणि ते सवयीचं?"

ते खोडायला तिला जास्त वेळ लागला.